काळ्या कातळाखालची तांबडी माती

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, हरणाबाईचे मालक सिद्धू, सापाला भीत नव्हते. शेंडगेवस्तीवर कुणाच्या आढ्याला धामण निघो की नाग, बोलावणं दाजींनाच यायचं. लांडगा मेंढरात शिरला तर नुसती काठी घेऊन त्याच्या मागं पळालेला माणूस. अमावास्येला म्हसोबाच्या माळावरनं एकटे यायचे, आणि वर तंबाखू मळत यायचे. पण हा गडी मातीला भ्यायचा! आता बोला. साध्या मातीला नाही, दगडाखालच्या मातीला. "वर दगड आन् खाली माती आसंल तितं मला नगा न्हेऊ," म्हणायचे. आम्ही हसायचो. मी तर लयच हसायचो. मेव्हण्यानं दाजीची थट्टा करायची नाही तर मग कुणी करायची?

मी नानासो. हल्ली कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असतो, त्यामुळं माझं बोलणं जरा सुधारलंय असं लोक म्हणतात. राग आला की परत आटपाडीच्या माळावर येतं. आणि ही गोष्ट सांगताना मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

दाजी मूळचे मेंढकेच. एका पावसाळ्यात रोग आला आणि त्यांची मेंढरं पटापट मेली. रान नाही, मेंढरं नाहीत, मग माणसानं करायचं काय? वस्तीवरचा एक मिलिटरीतून सुटलेला माणूस चांद्याकडं कोळशाच्या खाणीवर रखवालदार होता. त्याच्या ओळखीनं दाजी गेले, आणि बरोबर त्यांचा जिवाभावाचा दोस्त केरबा गेला. उघड्या माळावर जन्म काढलेली ही पोरं जमिनीच्या पोटात शिरली.

तिथं त्यांनी ती माती पहिल्यांदा बघितली. कोळशाचा थर काढला की त्याच्या खाली लागायची. राखी रंगाची, साबणासारखी गुळगुळीत. आणि तिच्यात काळ्या मुळ्या! ज्वारीचं ताट उपटल्यावर रानात राहतात ना, तशा बारीक बारीक. खाणीतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं त्यांना सांगितलं, की हा कोळसा म्हणजे एके काळची झाडं, आणि खालची ही माती म्हणजे ती झाडं ज्यात उभी होती ती जमीन. माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाची. दाजी म्हणायचे, "नानासो, त्या दिसापास्नं मला झोप न्हाई रं. मला वाटायचं, आपुन कुनाच्या तरी रानात चोरून शिरलोय. आन् वरनं मालक येनार हाय."

खाणीत एक रीत होती. दिवा विझला, नाहीतर कुठं कडकन आवाज झाला, की शेजारच्या गड्याला हाक मारायची, "हाईस का?" त्यानं म्हणायचं, "हाय." एवढंच. तेवढ्यावर माणसाला धीर यायचा.

छताला टेका म्हणून कोळशाचे जाड खांब तसेच ठेवलेले असत. पण खांब उभे कशावर? त्या मातीवर. एकदा कुठून तरी पाणी आलं, माती लापशीसारखी झाली, खांब खाली खचला आणि छत आलं. दाजींनी हाक मारली, "केरबा, हाईस का?" उत्तर नाही. परत मारली. लोकांनी त्यांना ओढून वर आणलं तरी ते हाका मारतच होते. पगाराचा हिशोब करून ते जे निघाले ते थेट आमच्या, म्हणजे हरणाक्काच्या माहेरच्या वस्तीवर आले. वस्तीच्या कडेला झोपडी घातली आणि आमच्यातच राहिले. लोक घरजावई म्हणायचे, दाजी ऐकून घ्यायचे.

पण ती हाक काही सुटली नाही. हरणाक्का जात्यावर बसलेली असायची, हे दारात. मधेच जातं थांबलं की लगेच, "हरणे, हाईस का?" ती शेळ्या घेऊन ओढ्याच्या पलीकडं गेली की हे ह्या काठावरनं, "हरणे, हाईस का?" आमची अक्का म्हणजे तोंडाचा पट्टा. ती ओरडायची, "न्हाई! मेले! लाकडं आना!" सगळी वस्ती खिदळायची. दाजी मात्र तिचा आवाज आला की खाली मान घालून आपल्या कामाला लागायचे. मेले म्हणाली काय आणि जिती म्हणाली काय, आवाज आल्याशी कारण.

आता विहिरीकडं येतो. बहात्तरच्या दुष्काळात आमची आई, भामाबाई, घागर घेऊन टँकरमागं पळताना पडली आणि तिचा पुढचा दात गेला. दात गेला त्याचं तिला काही वाटलं नाही, पण घागरीतलं पाणी सांडलं ते तिच्या मनाला लागलं. वडील आधीच गेलेले, घरची कारभारीण तीच. तिनं ठरवलं, घराजवळ आपली हीर पायजे. दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, काम लागलं. मी, दाजी आणि पलीकडच्या वस्तीवरचे चार गडी. वरची माती गेली, मुरूम गेला, मग काळा कातळ लागला. सुरुंग लावावा, धोंडे यारीनं वर ओढावेत, परत सुरुंग. यारी म्हणजे लाकडी खांबाची, हातानं हँडल फिरवायची. माझ्या तळहाताचे घट्टे अजून गेले नाहीत.

एका सुरुंगानंतर धूर विरला आणि बघतो तर तळ तांबडालाल! कातळ संपला होता आणि त्याच्या खाली गेरूसारखी माती लागली होती. दाजी आधी खाली उतरले. एक खडा उचलून त्यांनी जिभेला लावला. खडा जिभेला चिकटून बसला. मग त्यांनी तो फोडला आणि माझ्यापुढं धरला. आत बारीक बारीक नळ्या होत्या, मुळ्या गेल्यावर राहतात तशा.

"ही माती न्हाई गड्या," ते म्हणाले. "ही जमीन हाय. कुनाचं तरी रान हुतं हितं. इटंगत भाजलंया बग. आन् त्येच्यावर ह्यो एवढा काळा दगड येऊन बसलाय."

"दाजी, रान आसंल तर पेरून टाकू की! फुकटात एकर वाढला," मी म्हणालो.

"हसतोस व्हय? हस. पर दगूड कशावर हुबा हाय ते बग."

असं म्हणून ते शिडी चढून वर गेले आणि बाभळीखाली जाऊन बसले. उन्हाळ्याचे दिवस, पण त्यांच्या अंगाला जो घाम सुटला होता तो उन्हाचा नव्हता. मी ते बघितलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी परत थट्टा केली नाही.

त्या दिवसापासून दाजी खाली उतरले नाहीत. यारीच्या हँडलावर राहिले. आईपाशी त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली, की विहीर तांबडीच्या खाली न्यायची तर न्या, पण ह्या तांबड्या पट्ट्यापुढं दगडाची भिंत घाला. वरच्या कातळाला टेका द्या, मगच बाकीचं. आई म्हणाली, "घालू की जावईबापू. नानासोचं लगीन हुंद्या." माझं लग्न वैशाखात ठरलं होतं.

आमच्याकडं विहिरीत तांबडी लागली की पाच सवाष्णींनी हळदकुंकू घेऊन उतरायचं आणि पहिली बुट्टी त्यांनी काढायची. त्या मातीनं चूल पोतारायची. घरात लक्ष्मी आली म्हणायचं. आईनं ते सगळं रीतसर करवून घेतलं. दाजी काठावर उभे राहून सारखं सांगत होते, "एकच बुट्टी. आन् तळातली घ्या. भिताडातली नगा घेऊ!" बायकांनी तळातलीच घेतली.

पुढं तळ कमरेइतका खाली गेला, मांजऱ्या म्हणजे ठिपक्यांचा मऊसर खडक लागला, आणि तांबडी फक्त भिंतीत उरली. कातळाच्या खाली मांडीएवढा लाल पट्टा, विहिरीला गोल फिरलेला. खाली उभं राहिलं की बरोबर छातीला यायचा. दिसायला इतका देखणा, की काय सांगू! मग लग्नासाठी काम बंद केलं.

आणि इथंच आमच्या बायकांनी घोळ घातला. लग्नघर सजवायचं म्हणजे भिंतींना पांढरी माती आणि खालून हातभर तांबडा पट्टा. दरवेळी तांबडी बाजारातनं विकत आणायची. आता देवानं ती दारात दिलेली! दुपारी पुरुष माणसं कलंडली की एकेक जण खुरपं आणि बुट्टी घेऊन शिडीनं उतरायची. आमची झाली, मग शेजारच्या चंद्राबाईची झाली, मग पलीकडच्या वस्तीवरनं बायका आल्या. लक्ष्मीला नाही कसं म्हणायचं? मागेल तिला माती. दगड कोण फोडत होतं? मऊ माती तेवढी काढत होत्या. भाकरीचा पापुद्रा तसाच ठेवून पोरं खालचा मऊ भाग खातात, तसं चाललं होतं सगळं. हरणाक्का करवली, त्यामुळं तिचा मान मोठा आणि बुट्टीही मोठी. दाजींना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण ते विहिरीकडं फिरकतच नव्हते. आणि त्यांना सांगायचं नाही असं बायकांचं ठरलेलं. "उगं आरडत बसतील," अक्का म्हणाली होती.

लग्न चार दिवसांवर आलं. दाजी आटपाडीच्या बाजाराला गेले होते, ते दुपारी डोक्यावर पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन आले. मी अंगणात मांडवाच्या मेढी रोवत होतो. दाजी अंगणात आले आणि थांबले. घराच्या भिंतीकडं बघत राहिले. पुढची भिंत, बाजूची भिंत, गोठ्याची भिंत, सगळीकडं ओला लालभडक पट्टा. मला वाटलं, भिंत आवडली.

"आत्याबाई," ते म्हणाले, "येवढी माती कुटनं आनली?"

आई चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. "हिरीतनं."

"हिरीत कुटनं?"

आई चुलीत लाकूड सारत राहिली. दाजींच्या डोक्यावरचा गठ्ठा खाली पडला.

"हरणी कुटं हाय?"

"मागची भित ऱ्हायलीया न्हवं," आई म्हणाली. "माती आनाय गेलीया."

मी त्या माणसाला तसं पळताना कधी बघितलं नव्हतं, लांडग्याच्या मागं सुद्धा नाही. मी पहार टाकली आणि मागं धावलो. ते का पळतायत ते मला पुरतं कळलं नव्हतं, पण त्यांचं तोंड बघून मी विचारायला थांबलो नाही.

विहिरीच्या काठावर त्यांनी वाकून हाक मारली. ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "हरणे, हाईस का?"

खालनं खुरप्याचा आवाज येत होता, खर्र खर्र. हाक ऐकून तो थांबला. पण उत्तर आलं नाही. आता हे रागावणार म्हणून बया मुद्दाम गप्प बसली होती! नंतर तिनंच सांगितलं. रोज मेले मेले म्हणून बोंबलणारी बाई नेमकी तेव्हा गप्प बसली. दाजींनी परत हाक मारली. विहिरीत काही हललं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ती नजर मी कधी विसरणार नाही. डोळे उघडे होते, पण ते मला बघत नव्हते.

मग ते शिडीवरनं उतरले. त्यांच्या पायाखाली शिडी खडखड वाजत होती. मी काठावर पालथा पडून बघत होतो. कातळाच्या खाली एवढी मोठी कपार झाली होती, की अक्का कमरेपर्यंत आत होती. बाहेर दिसत होते ते तिचे पाय आणि शेजारी भरलेली बुट्टी. कातळातल्या एका चिरेतनं तांबड्या भुकटीची बारीक धार गळत होती. थांबायची, परत गळायची. वारा नव्हता, कुणी हात लावत नव्हतं, तरी गळत होती.

दाजींनी तिचे दोन्ही घोटे धरले आणि तिला बाहेर ओढलं. "आवं, येड लागलंय का तुमास्नी? माजं लुगडं..." ती ओरडली. दाजींनी तिला शिडीकडं ढकललं. दोन पायऱ्या चढली असेल, आणि काय करावं ह्या बाईनं? बुट्टीसाठी परत खाली उतरली! भरलेली बुट्टी सोडवेना! दाजींनी तिला दंडाला धरून शिडीवर अक्षरशः फेकली. ती चढत काठाशी आली तसा मी वरनं तिचा हात धरला. तेवढ्यात कातळ बोलला. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. आधी कण्हल्यासारखा आवाज आला, मग बैलगाडीएवढा धोंडा सुटून खाली आला, आणि विहीर लाल धुरळ्यानं भरली.

अक्का वर आली होती. तिच्या केसांत, भुवयांत, दातांत सगळी तांबडी. तिनं विहिरीत बघितलं. काही दिसत नव्हतं. मग तिनं हाक मारली. आजवर जी हाक ती ऐकत आली ती, आयुष्यात पहिल्यांदा तिनं मारली.

"आवं, हायसा का?"

धुरळा खाली बसत होता. ती परत म्हणाली, "आवं, हायसा का वो?" मी बिरोबाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. आणि मग खालनं आवाज आला, लांबचा, बारीक.

"हाय. धोंड्याखाली पाय घावलाय."

धोंडा उचलायला सगळी वस्ती लागली. पहारी घातल्या, यारीचा दोर लावला. दाजी त्या धोंड्याकडं बघत पडले होते. मिरजेच्या दवाखान्यात डाव्या पायाचं पाऊल काढावं लागलं. माझं लग्न पुढं गेलं. सासऱ्यानं तोंड वाकडं केलं, पण करवलीच दवाखान्यात तर अक्षता कुणी वाटायच्या?

दाजींना मिरजेला नेलं त्याच संध्याकाळी आई खुरपं घेऊन बसली आणि भिंतीचा तांबडा पट्टा खरवडून काढला. पुढची भिंत, बाजूची, गोठ्याची. चंद्राबाई म्हणाली, "भामाक्का, आता खरडून काय हुनार?" निघालेली माती आईनं बुट्टीत भरली आणि विहिरीत नेऊन टाकली.

आता विहिरीचं काय करायचं? लोक म्हणाले, बुजवा. पण तळाला पाणी झिरपायला लागलं होतं. टँकरमागं पळून दात पाडून घेतलेली बाई पाण्यावर माती टाकेल काय? गवंडी बोलावला. तो शिडीवरनं दोन पायऱ्या उतरला, ती कपार बघितली, "सांजच्याला येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. पाऊस तोंडावर आलेला. पाणी आत शिरलं की माती फुगणार, आणि अख्खी बाजू आत येणार, घराकडची बाजू.

दाजी कुबडी घेऊन विहिरीपाशी आले. कुबडीनं काठ ठोकून बघितला. मग म्हणाले, "मला सोडा खाली."

"दाजी, नगं," मी म्हणालो. "तुमी भ्यालायसा."

"भ्यालोय की! लय भ्यालोय," ते म्हणाले. "म्हनून तर नीट बांदीन. तुमी कुनी भ्याला न्हाईसा, म्हनून बायकांच्या बुट्ट्या कुनी मोजल्या न्हाईत."

यारीच्या पाळण्यात बसवून त्यांना रोज सकाळी खाली सोडायचं. ते एका पायावर टेकून चुन्यात दगड बसवायचे, कपार भरायची, वर पाचर ठोकायची. हँडलाच्या एका बाजूला मी असायचो. दुसऱ्या बाजूला हरणाक्का. तिनं दुसऱ्या कुणाला हँडलाला हात लावू दिला नाही. जेवायला सुद्धा हलायची नाही, भाकरी तिथंच.

आणि दर थोड्या वेळानं खालनं हाक यायची, "हरणे, हाईस का?" ही म्हणायची, "हाय." कधी मेले म्हणाली नाही, कधी लाकडं मागितली नाहीत. मला एकदा थट्टा सुचली होती, पण तिचं तोंड बघून मी गिळली.

शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. एकच कोपरा राहिला होता, जिथं ती आत शिरली होती तो. दाजी खाली गेले. बराच वेळ झाला, हाक आली नाही. दगड ठोकल्याचा आवाजही थांबला. अक्कानं हँडल घट्ट धरलं. तिचे हात असे कापायला लागले, की कापरं हँडलातनं माझ्या हाताला लागत होतं.

"आवं," तिनं हाक मारली, "हायसा का?"

काही नाही. मी वाकून बघायला निघालो तर तिनं माझं मनगट धरलं. हँडल सोडू नको म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता, दाजींच्या कपाळावर बाभळीखाली होता तसाच.

"आवं, हायसा का वो?"

"हाय गं," खालनं आवाज आला. "तोंडात चुना गेल्ता. शेवटची पाचर बसली."

अक्का मटकन खाली बसली, पण हँडल सोडलं नाही. बसल्या बसल्या तिनं आधी शिव्या दिल्या, मग रडली, आणि मग मला म्हणाली, "बगतोस काय मुडद्या? फिरीव, वर घे त्यास्नी."